पांढरी तंबाखू

मी कोणत्या झाडावर काम करते हे घरी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही सांगितलं नव्हतं. ‘पोरगी सीताफळावर शोध लावायलीय’ एवढंच आमच्या घरात माहीत होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेला शेवटी सीताफळापर्यंतच पोचायचं आहे. आपल्या डोंगरातलं सीताफळ साखरेसारखं, पण गर काढून ठेवला की घटकाभरात काळपट पडतो आणि मग त्याला कुणी हात लावत नाही. तो काळा पाडणारा जनुक बंद करता आला तर बघायचं, असं ते काम आहे. पण सीताफळ हे झाड आडमुठ्या बैलासारखं. बाटलीत वाढवायला घ्या, चारी पाय रोवून उभं राहतं. म्हणून आधी हात बसावा यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा जे सोपं, गरीब स्वभावाचं झाड वापरतात, तेच आम्हीही घेतलं. ते झाड म्हणजे तंबाखू.

आता हे घरी कोणत्या तोंडानं सांगणार? आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांची तंबाखू सुटावी म्हणून आईनं आजवर जेवढं भाषण केलं तेवढ्यात एखादा माणूस आमदार झाला असता. त्या घरातून पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेली पोरगी पांढरा कोट घालून तंबाखू लावती, हे आईला कळलं असतं तर तिनं वडवणीहून पहिली एसटी धरली असती.

पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेली, हे मी मुद्दाम लिहिते. लोक असं सांगताना मान खाली घालतात, मी घालत नाही. आमच्या घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि माझ्या आधी पदवीचा कागद कुणाच्या हाताला लागलेला नाही. मी बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं, आणि बीडच्याच एका कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची जी प्रयोगशाळा आहे तिथं प्रकल्प सहायक म्हणून लागले. आमच्या प्रमुख मॅडम शिस्तीच्या, पण मायाळू. चूक झाली की त्या ओरडत नाहीत, नुसत्या चष्मा काढून पुसायला लागतात. तो चष्मा पुसणं बघितलं की माणसाला वाटतं, ह्यापेक्षा दोन शब्द बोलल्या असत्या तर बरं.

काम काय करते हे दादांना समजावून सांगायला मला फार कष्ट पडले नाहीत. म्हणलं, प्रत्येक झाडाच्या पेशीत बारीक अक्षरांत लिहिलेला एक पसारा असतो, झाडानं कसं वाढायचं त्याचा. त्यातली नेमकी एक ओळ शोधायची आणि तिथं काप घालायचा. शोधायला एक छोटा रेणू असतो, कापायला दुसरा. दोघं जोडीनंच फिरतात. काप पडला की झाड तो आपला आपण सांधतं, पण घाईघाईत सांधताना चुकतं, आणि ती ओळ वाचण्याजोगी राहत नाही. जनुक बंद. ह्याचंच नाव क्रिस्पर. दादा ऐकून घेत होते. मग म्हणाले, म्हंजी वास काढणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात मेंढरं कातरायची कातर बांधलीय म्हण की. मी हे वाक्य मॅडमना सांगितलं. त्या आता पहिल्या वर्षाच्या पोरांना असंच शिकवतात.

तर, कुत्रा नेमक्या मेंढराकडं जातोय आणि कातर चालतेय, हे कळायला हवं ना? अक्षरं तर डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी एक युक्ती आहे. झाडाचा हिरवा रंग टिकवायला लागणारा एक जनुक निवडायचा आणि आधी तोच कापायचा. काप बरोबर बसला तर रोप पांढरंफेक उगवतं. तंबाखूच्या पानाच्या चकत्या करायच्या, त्यांना एका मातीतल्या जिवाणूच्या द्रवात बुडवायचं, तो जिवाणू आपलं सामान पेशीत नेऊन पोचवतो. मग त्या चकत्या बाटलीत, अगरच्या जेलीसारख्या थरावर, कोंब फुटायची वाट बघत ठेवायच्या. किती वेळा बुरशीच आली, किती वेळा नुसते हिरवेगार कोंब आले. हिरवा कोंब आला की मी कपाळाला हात लावायची. आणि मग एका सकाळी दिव्याच्या उजेडात तीन बाटल्यांमध्ये दुधासारखे पांढरे कोंब दिसले. मी तिथंच फेर धरला. मॅडमनी दाराच्या काचेतून बघितलं आणि त्याही आत आल्या. फेर नाही धरला त्यांनी, पण चप्पल काढायची विसरल्या.

ही बातमी मी दादांना फोनवर सांगितली, आणि दादांनी ती गावाला. गावात पोचेपर्यंत ती बरीच मोठी झाली होती. पोरीनं नवीन झाड तयार केलंय, असं पारावर सांगून झालं होतं.

पारावर ऐकणाऱ्यांत अण्णा होते. अण्णा म्हणजे गावचे माजी सरपंच, मोठे बागायतदार, शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांची नात तेव्हा बारावी पास झाली होती, चांगल्या मार्कांनी. तिला बीडला बी.एस्सी.ला जायचं होतं, मी शिकले तेच शिकायला. अण्णांचं म्हणणं निराळं होतं. त्यांना पोरीला शिकवायचं नव्हतं असं नाही, पण शिकून हातात काय येतं ते दिसलं पाहिजे, हा त्यांचा हिशेब. गावातल्या पोरी नर्सिंगला जातात, पोलीस भरतीची तयारी करतात, ते काम डोळ्यांना दिसतं. प्रयोगशाळा म्हणजे काय, तिथं दिवसभर माणूस करतं काय, हे त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं. बैल घेताना ते दात बघितल्याशिवाय दोरीला हात लावत नाहीत. तसंच ते दादांना म्हणाले की तुझ्या पोरीनं केलेलं झाड मला दाखव, मग नातीचं ठरवतो. दादांनी छाती ठोकून हो म्हणलं. प्रवेशाची मुदत संपत आली होती. नातीची सगळी मदार आता माझ्या तीन बाटल्यांवर आली.

ती पोरगी मला फोनवर एवढंच म्हणाली, “ताई, चांगलं दाखवा.”

पेरण्या उरकल्या होत्या, बाजरीची विरळणीही होत आली होती. माणसांना एखाद्या दिवसाची उसंत होती. अण्णा, त्यांची नात, दादा आणि गावातली आणखी दोघंजण जीपमधून सकाळीच आले. जिन्यात अण्णांनी चप्पल काढून हातात घेतली, मी म्हणलं आत स्लीपर आहेत, तर म्हणाले देवळात स्लीपर कुठं असत्यात. मॅडमनी सगळ्यांना नमस्कार केला, चहा सांगितला. मी वाढीच्या खोलीतून निवडक बाटल्या काढून बाहेरच्या टेबलावर मांडल्या. प्रत्येक बाटलीत हिरवे कोंब आणि त्यांच्यामध्ये माझे पांढरे.

सगळे वाकून बघायला लागले. कुणी काही बोलेना.

हे न बोलणं मी ओळखते. कुणाच्या रानात पीक बसलेलं दिसलं की आपली माणसं लगेच तोंडावर बोलत नाहीत, आधी पाण्याच्या पाळीची विचारपूस करतात. त्यातला एकजण मला विचारायला लागला की इथं लाइट बरी असती का. दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पांढरं झाड त्यांनीही पहिल्यांदाच बघितलं होतं. मी ‘पांढरं’ हा शब्द फोनवर सांगितला होता, पण त्यांना पांढऱ्या फुलाचं वाटलं होतं.

अण्णांनी विचारलं, झाड कशाचं हाय. मी सांगितलं.

“तंबाखू?” अण्णा म्हणाले. दादांकडं वळले. “तू सीताफळ म्हणलतास ना बे?”

दादा म्हणाले, सीताफळ नंतर हाय. मी सीताफळाची, बैलाची, हात बसवण्याची सगळी गोष्ट सुरू केली. अर्ध्यात आले असेन तेवढ्यात लाइट गेली. आमच्याकडं एक मोठा फ्रीज आहे, उणे ऐंशी अंशांवर चालणारा, त्यात आमचं सगळं जपून ठेवलेलं सामान असतं. लाइट गेली की तो लहान मुलासारखा रडायला लागतो. मॅडम आणि मी आतल्या खोलीत धावलो, त्याला इन्व्हर्टरवर घेतलं, आवाज बंद केला. फार वेळ गेला नाही. चहा येतो तेवढा.

परत आले तर टेबलावरच्या बाटल्यांची झाकणं उघडी होती. बाटल्यांमध्ये सगळं हिरवं होतं.

“रोगट तेवढं काढलं बघ, पोरी,” अण्णा समाधानानं म्हणाले. “आता हिरवं जोमानं वाढंल.”

आमच्या भागात एक रीत आहे. दुसऱ्याच्या रानातून जाताना तुम्हाला केवडा पडलेलं, म्हणजे रोगानं पांढरं-पिवळं झालेलं रोप दिसलं तर ते उपटून बांधावर टाकायचं. मालकाला विचारायचं नाही आणि केल्यावर सांगायचंही नाही, तो शेजारधर्म आहे. त्यात विरळणीचे दिवस. सगळा आठवडा त्या हातांनी अशक्त रोप काढून जोमदार ठेवायचंच काम केलं होतं. समोर हिरव्यात पांढरं दिसलं आणि हात आपले आपण गेले. दादांनी झाकणं उघडून दिली होती. एकजणानं खिडकीचा पडदा सारून उजेड दिला होता. ज्यांना ज्यांना जी मदत करता येण्यासारखी होती ती त्यांनी केली होती.

मॅडमनी चष्मा काढला आणि पुसायला लागल्या.

मी काय बोलावं? समोर अण्णांची नात उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी गप्प बसले, हसून आभार मानले, तर अण्णा खुशीत घरी जाणार आणि कदाचित तिला प्रवेशही मिळणार. बोलले तर चार माणसांत अण्णांची मान खाली जाणार, आणि मान खाली गेलेला मोठा माणूस घरी जाऊन काय ठरवेल ते सांगता येत नाही. पण गप्प बसायचं म्हणजे त्या पोरीला तीन वर्षं कुठं पाठवायचं आहे ते खोटंच सांगायचं. मला ते जमण्यासारखं नव्हतं.

मी म्हणलं, “अण्णा, तुमी उपटलं तेच पीक होतं. राहिलंय ते तण हाय.”

चहावाला पोचला होता तो पेले घेऊन दारातच थांबला. दादा माझ्याकडं असे बघत होते की जणू मी त्यांच्या पायावर धोंडा टाकलाय. अण्णांनी हळूच विचारलं, पांढरं होतं ते? मी हो म्हणलं. पांढरं व्हावं म्हणूनच सगळा खटाटोप होता, पांढरं झालं म्हणजे आमचा काप बरोबर बसला.

“आरं देवा,” अण्णा खुर्चीत बसले. चहा घेतला नाही.

मग मॅडम बोलल्या. त्यांनी चष्मा घातला आणि शांतपणे विचारलं की उपटलेले कोंब कुठं आहेत, कारण ही रोपं प्रयोगशाळेच्या बाहेर नेता येत नाहीत, तसा कायदा आहे. अण्णा उठले. फरशी स्वच्छ होती, बांध कुठं दिसला नव्हता, म्हणून त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात टाकले होते. त्यांनी खिसा उलटा केला. चुन्याची डबी, तंबाखूची पुडी, आणि पुडीतल्या सांडलेल्या भुग्यात लोळलेले माझे पांढरे कोंब.

मॅडमना हसू आवरेना. मलाही. अण्णांना काय झालं ते कळेना, तेव्हा मॅडमनी सांगितलं की ह्या कोंबांमधला डीएनए काढून तपासता येईल, काही बिघडत नाही, फक्त खिशातली तंबाखू हीसुद्धा तंबाखूच आहे. तिचा भुगा चिकटून राहिला तर न कापलेल्या झाडाची अक्षरं मध्येच येणार आणि निकाल गढूळ होणार. आधी कोंबांना आंघोळ घालायला लागेल. खिशातला भुगा आम्ही ब्रशनं कागदावर झाडून घेतला. सगळं आयुष्य फेट्यात वावरलेला माणूस खिसा धरून उभा होता, आणि त्यांची नात ब्रश मारत होती.

निकाल यायला संध्याकाळ होणार होती. तोवर बसून काय करायचं म्हणून माणसं कपिलधारच्या देवस्थानाला जाऊन यायचं ठरवू लागली, येताना मांजरसुंब्याला जेवतील. नात म्हणाली मी इथंच थांबते. अण्णांनी नुसती मान हलवली. तो होकार होता की राग होता, कुणालाच कळलं नाही. जिना उतरताना दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, “गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं?” मी म्हणलं, तुम्ही झाकणं उघडली नसती तरी काही बिघडलं नसतं. दोन पायऱ्या खाली गेल्यावर त्यांचे खांदे हलताना दिसले. हसत होते.

जीप गेली, लाइट आली आणि आम्ही कामाला लागलो. त्या पोरीला मी हातमोजे घातले, कोट घातला. कोट तिला गुडघ्यापर्यंत आला. कोंब धुतले, वेगवेगळ्या छोट्या नळ्यांमध्ये घालून बारीक दांड्यानं रगडले, द्रव घातला, गरम केलं, गाळलं. मग पीसीआरच्या यंत्रात ठेवलं. हे यंत्र म्हणजे झेरॉक्सचं दुकान समजा. झाडाच्या सगळ्या पसाऱ्यातून आपल्याला हवा तेवढाच तुकडा शोधतं आणि त्याच्या अगणित नकला काढतं. आम्ही दोन जागी काप घातला होता, म्हणजे मधला तुकडा गळून पडायला हवा, म्हणजे उरलेला तुकडा लांडा व्हायला हवा. लांडा आहे की अख्खा, एवढंच बघायचं होतं.

ती सगळं ऐकत होती आणि तिचं लक्ष टेबलावरच्या त्या भुग्याच्या कागदाकडं होतं. म्हणाली, “ताई, अण्णांची तंबाखू बी चालवून बघायची का? ती तर अख्खीच असंल.”

मी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, चालवा. तुलनेला न कापलेलं झाड लागतंच. बाटलीतलं हिरवं पान आम्ही घेणारच होतो, त्याच्या शेजारी अण्णांची पुडीही बसली. मी नळीवर मार्करनं लिहिलं, अण्णा.

यंत्र फिरत होतं तोवर आम्ही डबा खाल्ला. ती म्हणाली की घरी गेल्यावर आजोबा काय बोलतील ते तिला ठाऊक नाही. रस्त्यानं येताना ते खुशीत होते, तिला म्हणाले होते की बीडला भजी चांगली मिळतात, प्रवेश घेतलास तर येत जाईन. आता काय होईल, असं ती विचारत नव्हती, पण पोळीचा एकच घास बराच वेळ तिच्या हातात होता. मी तिला धीर द्यायला खोटं काही बोलले नाही. म्हणलं, माहीत नाही. जेव आधी.

दुपारनंतर जेल ओतली. खरवसासारखी थरथरती वडी असते ती, एका कडेला बारीक खाचा. त्या खाचांमध्ये पिपेटच्या टोकानं निळा रंग घातलेला थेंब सोडायचा असतो. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात कापतो, टोक वडीत घुसतं आणि सगळं फाटतं. माझं पहिल्यांदा तसंच झालेलं. मी एक थेंब सोडून दाखवला आणि पिपेट तिच्या हातात दिलं. तिनं श्वास रोखला आणि एकापाठोपाठ एक सगळे थेंब सोडले. एकही सांडला नाही. मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुठं शिकलीस, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डोळ्यांत औषध मीच घालते, ते लई हलतात.

वीज सोडली की डीएनएचे तुकडे त्या वडीतून पळायला लागतात. छोटा तुकडा पुढं जातो, मोठा मागं रेंगाळतो. ते पळत असताना जीप आली. कपाळाला भस्म लावून माणसं वर आली. कपिलधारचं पाणी बाटलीत आणलं होतं, मला दिलं. अण्णा सगळ्यांत शेवटी वर आले.

मी दिवे बंद केले आणि वडी निळ्या उजेडाच्या पेटीवर ठेवली. अंधारात पट्ट्या चमकायला लागल्या. सगळे पुन्हा वाकले, सकाळसारखेच. ह्या वेळी मी बाजूला सरकले. नातच सांगायला लागली. ही बाटलीतल्या हिरव्याची, बघा, वर थांबलीय. ही तिच्या शेजारची, ही बी वरच. आणि ह्या सगळ्या तुमी उपटलेल्या पांढऱ्यांच्या, एकूणएक खाली उतरल्यात. मधला तुकडा पडलाय त्यांचा.

“ही शेजारची कुणाची म्हणलीस?” अण्णांनी विचारलं.

“तुमची. खिशातली.”

अण्णांनी नाकाला पेटी लागेल एवढं वाकून आपल्या तंबाखूची पट्टी बघितली. मग पांढऱ्यांच्या बघितल्या. मग पुन्हा आपली. म्हणाले, “म्हंजी हा रोग न्हाई.”

मी म्हणलं, न्हाई. आमी केलेलं हाय.

“जाणूनबुजून?”

“जाणूनबुजून.”

“अन् हिरवंच ठेवायचं असलं तर?”

“ते आपलं आपण होतंय अण्णा. त्याला कॉलेज लागत न्हाई.”

तेव्हा ते पहिल्यांदा हसले. दिवे लावले तरी हसत होते. मग खुर्ची ओढून मॅडमच्या समोर बसले आणि एकदम गंभीर झाले. गावाकडं कुणाची जनावरं दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरली तर मालक पंचांची वाट बघत नाही. सांज व्हायच्या आत त्या घरी जातो आणि काय भरून देऊ ते विचारतो. विचारलं नाही तर उद्यापासून त्याला कुणी बांधावरून रामराम करत नाही. अण्णांनी तसंच विचारलं. म्हणाले, बाई, आज आमची जनावरं तुमच्या पिकात शिरलती. जनावर मीच, अन् झाकणं उघडणारा हा दुसरा. नुकसानी सांगा.

मॅडम संकोचल्या. म्हणाल्या, अहो, पुरावा तर मिळाला, बाटल्यांमध्ये आता बुरशी येईल, पुन्हा पानं कापून लावावी लागतील, काही महिने जातील, चालतंच असं. मला मात्र राहवलं नाही. संधी समोर बसली होती. म्हणलं, अण्णा, पुन्हा लावायचं तर हात लागत्यात. भरपाईत एक माणूस द्या. तुमच्या घरचं, तीन वर्षांसाठी.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग नातीकडं. डाव त्यांच्या लक्षात आला. गालात हसत त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी पोरगीच बोलली.

“अण्णा, भरपाईत मला घालू नका. मी काय शेळी हाय का? मला यायचंय म्हणून मी येणार. तुमची भरपाई तुमी द्या.”

सकाळपासून तिनं आजोबांना उलट एक शब्द उच्चारला नव्हता. दादा खाली बघायला लागले. तो डाव मी तिला न विचारताच खेळले होते, त्यामुळं मीही खाली बघितलं.

“मी काय देऊ?” अण्णा म्हणाले.

तिनं मोरीकडं बोट केलं. जुन्या प्रयोगांच्या बाटल्या वाफेच्या भांड्यात निर्जंतुक होऊन मोरीजवळ रचून ठेवल्या होत्या, थरावर थर. ज्यांनी कधी असल्या खोलीत काम केलेलं नाही त्यांना माहीत नसतं, पण शोधबिध वरवरचं आहे, खरं काम बाटल्या धुण्याचं.

मॅडम नको नको म्हणत पुढं झाल्या. तोवर अण्णांनी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या. मोरीपाशी जाऊन त्यांनी नळ सोडला, ब्रश हातात घेतला, पहिली बाटली उजेडात धरून आतून बघितली आणि घासायला सुरुवात केली. दादा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि धुतलेल्या बाटल्या जाळीवर पालथ्या घालायला लागले. बाकीचे दोघं दारात उभे राहून माजी सरपंचांना बाटल्या धुताना बघत होते. हे गावात सांगितलं तर कुणाला खरं वाटेल का, अशी त्यांची कुजबुज चालली होती.

अण्णांनी बऱ्याच बाटल्या घासल्या. मध्येच मागं न बघता नातीला विचारलं, “हॉस्टेलात आपलं ताट आपणच धुवावं लागतंय का गं?”

ती हो म्हणाली.

“मग अवघड हाय तुझं,” अण्णा म्हणाले. “घरी पेला उचलत न्हाईस. ये हिकडं, शीक.”

मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि कोटाच्या बाह्या दुमडत मोरीकडं गेली. खाली जीपवाला हॉर्न वाजवत होता, त्याला घाई होती.

“त्याला थांब म्हणावं,” अण्णा म्हणाले. “अजून लई हायेत.”